दारामागची अक्षरं

हेंद्रेपाड्यातले आमचे शेजारी बबनभाऊ म्हणजे मुलखाचे अबोल. अंबरनाथच्या कारखान्यात पाळी करून येताना आवाज तिथेच ठेवून येतात, असं आम्ही चिडवायचो. पण याच माणसाने बायकोबरोबर एक अख्खी भाषा केली होती.

लग्न झालं तेव्हा खोली एकच, त्यात आई आणि दोन भाऊ. नवरा-बायकोने बोलायचं कुठे? म्हणून दोघांनी स्वतःचे शब्द पाडले. ‘निरू’ म्हणजे ‘वाट बघ, मी येतेय’. समोर बसलेल्या सासूला ओ की ठो कळायचं नाही. पुढे बायकोही कामाला जाऊ लागली आणि पाळ्यांमुळे दोघांची गाठच पडेना, तेव्हा लिहायची वेळ आली. द्रौपदीवहिनी शाळेत गेलेल्या नव्हत्या. त्यांनी अक्षरंही आपलीच काढली. सुपाचा बाक, बांगडीचा गोल, फणीचे दात, आणि प्रत्येक खुणेला एक आवाज. दारामागच्या भिंतीवर कोळशाने निरोप लिहायचा आणि वाचणाऱ्याने तो पुसायचा.

२००७च्या जानेवारीत वहिनी तापाने फणफणल्या. दवाखान्यात जाण्याआधी त्यांनी लिहिलं, ‘भात झाकलाय. निरू.’ त्या परत आल्याच नाहीत. बबनभाऊंनी तो निरोप पुसला नाही. रोज दार लोटून वाचायचे. मी खोदून विचारलं तेव्हा एकदाच हे सगळं सांगितलं.

एप्रिलमध्ये बाबासाहेबांची जयंती आली. जयंतीआधी घराला रंग लागलाच पाहिजे, हा वहिनींचाच दंडक. बबनभाऊ कामावर असताना त्यांच्या मुलाने, आकाशने, सगळं घर रंगवून काढलं.

“पप्पा, दारामागचे काळे डागपण घासून टाकले. मम्मी असती ना, एकदम खूश झाली असती.”

“हो. चांगलं केलंस,” बबनभाऊ म्हणाले.

मला त्यांचाच राग आला. पोराला आधी सांगितलं असतं तर जीभ झिजली असती का? पण भाषा केली तीच घरच्यांपासून लपवायला. ती घरच्यांना सांगणार तरी कशी?

जयंतीच्या दिवशी सगळे मिरवणुकीला गेले. मी बबनभाऊंना बोलवायला गेलो, तर ते दारामागे उभे, हातात कोळसा. नव्या पांढऱ्या भिंतीवर तोच निरोप होता.

“बरं झालं, परत लिहिलंत,” मी म्हणालो.

“अक्षरं तीच हायेत, पन हात माझा हाय,” ते म्हणाले. “आता वाचतो तर वाटतं, मीच तिला सांगतोय, वाट बघ, येतोय म्हणून.”

मी मिरवणुकीला गेलो नाही. तिथेच त्यांच्याजवळ बसून राहिलो.