सकिनाची दारातली जागा

मांडवीची सकिना मासे विकायला बसली की गिऱ्हाईक आधी तिचं तोंड बघतं, मग सुरमईचं. बोलण्यात कुणाला हार जायची नाही, पण तोलायला सरळ. म्हणूनच बाजारातल्या जागांच्या चिठ्ठ्या बायकांनी तिच्या हाती दिलेल्या. सोमवारी गिऱ्हाईक कमी, तेव्हा चिठ्ठ्या निघायच्या. कुणी बाजाराच्या दारात, गिऱ्हाइकाच्या नजरेसमोर बसायचं, कुणी मागे गटाराशी, ते तेव्हा ठरायचं.

चिठ्ठ्या मात्र माशांच्या पाण्यात भिजून एकमेकींना चिकटत. सकिनाची सून इरम संगणकाचं काम करणारी. म्हणाली, "अम्मी, मी लॅपटॉपवर काढून देते." घरी तिने बटण दाबदाबून दाखवलं, दर वेळी नावांची रांग वेगळी. सासूची छाती फुगली.

पहिल्या सोमवारी सकिनाने बाजारात लॅपटॉप सुरू करून बटण दाबलं, दारातली जागा तिलाच आली. दुसऱ्याही. तिसऱ्याला शेजारच्या राहीने टोपली आपटली, कारण ती बिचारी तिन्ही वेळा गटाराशीच.

"काय गो सकिना, मशीनला पापलेट चारतेस काय?"

बायका खिदळल्या. राही हसली नाही. सकिनाने घरी जाऊन सगळं इरमला सांगितलं. जागा गेली तर जाऊ दे, पण नाव गेलं तर उद्या तिच्या तराजूवर कोण भरवसा ठेवील?

इरमने खोट शोधली आणि पुढच्या सोमवारी स्वतः बाजारात आली.

"राहीमावशी, चूक माझी. संगणकाला मनानं चिठ्ठी उचलता येत नाही. आत आकड्यांची एक ठरलेली लांब माळ असते, ती तो ओढतो. कुठल्या मण्यापासून, ते आपण सांगायचं. मी सांगितलंच नाही. घरी तो चालूच होता, म्हणून माळ पुढे सरकत होती. इथे दर सोमवारी नव्याने सुरू केला की पुन्हा पहिला मणी, पुन्हा तीच नावांची रांग. आकडे काढायची ही आयती मिळालेली सोय मी तपासली नाही. पोरखेळाला ती चालली असती, तुमच्या पोटाला नाही. आता दुसरी, चांगली घातलीय."

"आणि मणी कुणी सांगायचा?"

"तुम्ही."

राहीने तोंडाला आला तो लांबलचक आकडा सांगितला. इरमने बटण दाबलं. पहिलं नाव, म्हणजे दारातली जागा, आलं सकिनाचं.

सकिनाने टोपली उचलली आणि स्वतःहून गटाराकडे निघाली. राहीने तिचं मनगट धरलं.

"बस खाली. आकडा माझा होता." मग इरमकडे वळून, "माझं कुठे आलंय ते तरी वाच गो."

"मधल्या रांगेत, मावशी."

"चला," राही टोपली सरकवत म्हणाली, "गटार तरी सुटलं!"