सिस्टरना पंक्चर माफ

जगात असं एकही देणं नाही जे माफ होऊ शकत नाही, यावर आमच्या साडूंची जेवढी श्रद्धा आहे तेवढी त्यांची ग्रामदेवतेवरही नसेल. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. चौक गावाला जुन्या मुंबई-पुणे रस्त्याच्या कडेला त्यांचं टायर-पंक्चरचं दुकान आहे. कुठेही काही भरायची वेळ आली की त्यांचा हात खिशाकडे जाण्याआधी तोंड उघडतं, "माफ हुतंय का बगा ना." घरपट्टीवरचा दंड असो, एसटीतल्या पोत्याचं भाडं असो, साडू एकदा विचारून बघणारच. डॉक्टरांनी साखर बंद केली, तेव्हाही ते म्हणाले, "बंद तर बंद, पन सणाची माफ करा." डॉक्टर बिचारे दिवाळी माफ करून बसले. साडूंनी ती दिवाळी वसुबारसेपासून तुळशीच्या लग्नापर्यंत धरली.

ही सवय आजची नाही. त्यांच्या लग्नात कानपिळीच्या वेळी आमचा मेव्हणा नवरदेवाचा कान धरून उभा राहिला, तेव्हा भर मांडवात साडू म्हणाले होते, "कान हवा तेवढा पीळ, पन भेट माफ कर रं." मेव्हणा तेव्हा लहान होता, लाजला आणि कान सोडून पळाला. सासरच्या मंडळींनी आठवडाभर नावं ठेवली. पुढच्या दिवाळसणाला साडू त्याच्यासाठी नवी कोरी सायकल टेंपोत घालून घेऊन आले. बाजारातही तेच. कोथिंबिरीच्या जुडीचे वरचे दोन रुपये भाजीवालीकडून माफ करून घ्यायचे, आणि दुसऱ्या दिवशी तिच्या हातगाडीचं डगमगणारं चाक फुकटात बसवून द्यायचं. मी हिशेबाचा माणूस आहे. खोपोलीच्या एका कारखान्यात जमाखर्च बघण्यात माझी सगळी नोकरी गेली आणि कर्जतला भिसेगावातल्या घरी मी दुधाची पिशवीसुद्धा मांडून ठेवतो. साडूंच्या माफ्या मी इतकी वर्षं मनातल्या मनात मांडत आलो आहे. मिळालेली प्रत्येक माफी त्यांना मूळ रकमेपेक्षा महाग पडते, हा माझा त्यावरचा निष्कर्ष. हे मी त्यांना एकदा सांगितलं, तेव्हा ते म्हणाले, "तुमाला बेरीज येते साडूभाऊ, माफी नाय कळत."

माफी त्यांना जितकी प्रिय, तितकी मुदत नावडती. हा फरक मला समजायला फार वेळ लागला. दुकानात एकदा टेंपोवाला आला, पंक्चर काढून घेतलं आणि म्हणाला, "सेठ, वापसी में देता हूँ." साडू उसळले. "वापसी-बिपसी नाय! माफ करा बोल, आनि जा." तो गोंधळला. पैसे बुडवायचे नव्हते बिचाऱ्याला. पण साडूंनी त्याच्याकडून 'माफ करो सेठ' असं वदवून घेतलं आणि मगच गाडी सोडली. मी कारण विचारलं. हात पुसत ते म्हणाले, "माफी एकदाच मागायची आसते. झाली का सुटला. मुदत घेतली का तो मानूस रस्त्यात दिसला तरी मान फिरवायला लागते. त्याला पन आनि मला पन. रस्ता एकच हाय ना आपला."

या तत्त्वज्ञानाची खरी परीक्षा झाली ती मनीषाच्या कर्जामुळे. मनीषा त्यांची एकुलती एक मुलगी. नर्सिंगसाठी तिने बँकेचं साडेतीन लाखांचं शैक्षणिक कर्ज घेतलं होतं. शिकत असेपर्यंतच्या व्याजाला सरकारची सवलत मिळते, ती मिळवायला साडूंनी उत्पन्नाच्या दाखल्यासाठी खालापूरच्या तहसील कचेरीत इतक्या खेपा घातल्या, की तिथला शिपाई त्यांना घरच्या लग्नाला बोलवायला लागला. (दाखल्याचं शुल्क माफ होतं का, हेही त्यांनी विचारलंच.) शिक्षण संपलं, कर्जतच्या डोंगरपायथ्याला एका आरोग्य उपकेंद्रात मनीषाला कंत्राटी नोकरी लागली आणि महिन्याला साडेसात हजारांचा हप्ता सुरू झाला. पगार वीस हजार. त्यातून हप्ता, स्कूटरचं पेट्रोल आणि उपकेंद्राच्या गावातल्या खोलीचं भाडं गेलं की हातात काय उरे, ते मी मांडून पाहिलं होतं. मग मांडायचं सोडून दिलं.

अशात एक एजंट आला. आखातातल्या हॉस्पिटलात तीन वर्षांचा करार, पगार इथल्या चौपट, दोन वर्षांत कर्ज साफ. मनीषा म्हणाली, "जाते मी." दोनच शब्द. त्या उपकेंद्रात ती रमली होती, वाडीवरच्या बायकांची बोली तिला यायला लागली होती, जायचं तिच्या मनात नव्हतं, हे आम्हा सगळ्यांना दिसत होतं. आणि साडूंना तिला पाठवायचं नव्हतं, हे तिलाही दिसत होतं. पण बाप बोलेना आणि लेक बोलेना. साडूंना एकच मार्ग ठाऊक होता. ते माफी शोधायला लागले.

"शेतकऱ्याला कर्जमाफी हाय, मग शिस्टरला का नाय?" हा प्रश्न त्यांनी सरपंचापासून टोलनाक्यावरच्या पोरापर्यंत सगळ्यांना विचारला. मग एके दिवशी त्यांचा फोन आला. "साडूभाऊ, घावली! नर्सला कर्जमाफी हाय. छापील हाय माझ्याकडं." मी गेलो. कुणीतरी फोनवर पाठवलेलं ते पान त्यांनी झेरॉक्सच्या दुकानात छापून, वर लॅमिनेशनसुद्धा करून घेतलं होतं. भाषांतर यंत्राने केलेलं दिसत होतं. 'काही वर्षे सार्वजनिक सेवा केलेल्या परिचारिकांना क्षमा करण्यात येईल,' असं त्यात लिहिलं होतं. माझ्या मेव्हणीने, म्हणजे मनीषाच्या आईने, ते चष्मा लावून वाचलं आणि विचारलं, "माझ्या पोरीनं काय पाप केलंय?" मी पान उलटसुलट पाहिलं. रकमा डॉलरमध्ये होत्या. मी साडूंना तसं म्हटलं. ते म्हणाले, "म्हंजे जास्तच मिळनार."

बँकेच्या कर्जतच्या शाखेत मला त्यांच्याबरोबर जावंच लागलं. मॅनेजर बाई तिशीतल्या, नागपूरकडच्या, हसऱ्या. लॅमिनेशन हातात घेऊन त्यांनी नीट वाचलं, याबद्दल मला त्यांचं आजही कौतुक वाटतं.

"काका, हे अमेरिकेचं आहे हो."

"मग?" साडू म्हणाले. "आजार तिकडून येतात तवा कुनी नाय आडवत. योजनाच तेवढी आडवता?"

मागच्या रांगेतला एक जण मोठ्याने हसला. बाईंनी ओठ दाबले आणि एकेक पर्याय समजावून सांगितला. व्याजाची सवलत घेऊन झाली होती. आयकरात व्याजाची वजावट मिळते, पण त्यासाठी आधी आयकर बसावा लागतो, तेवढा मनीषाचा पगार नव्हता. काही हॉस्पिटलं कर्ज फेडून देतात आणि बदल्यात काही वर्षं तिथेच नोकरी करायचा बाँड लिहून घेतात, पण तो बाँड म्हणजे एजंटाच्या कराराचा चुलतभाऊच. "माफी नाहीच काका. पण मुदत वाढवून देता येईल. पाचाची दहा वर्षं केली तर हप्ता पावणेपाच हजारांच्या आत येतो."

मुदत हा शब्द ऐकताच साडू उठले. लॅमिनेशन काखेत मारलं. "चला, साडूभाऊ." चौकला दुकानाशी उतरताना म्हणाले, "धा वर्स पोरीची मान खाली? त्यापेक्षा जाऊ दे तिला."

एजंटाला पासपोर्ट द्यायचा दिवस जवळ आला. त्याच आठवड्यात मनीषाची स्कूटर उपकेंद्राच्या पलीकडे वाडीच्या चढावर पंक्चर झाली. तिकडे दुकान कुठलं? तिने बापाला फोन केला. मी साडूंकडेच होतो, म्हणून त्यांनी ठरवलेल्या टेंपोत मीही बसलो. मेचं ऊन तापलेलं. मनीषा एका घराच्या पडवीत बसून एका पोटुशा बाईचं ब्लडप्रेशर तपासत होती. बाहेर स्कूटर तिरकी उभी. साडूंनी चाक काढलं, ट्यूब बादलीत बुडवली आणि बुडबुडे शोधायला लागले. पडवी हाताच्या अंतरावर होती. आतलं सगळं ऐकू येत होतं.

ती बाई मनीषाच्या पिशवीत पानाच्या द्रोणातली करवंदं घालत म्हणाली, "शिस्टर, भातकापनीला माजा टायम हाय. तवा तू हितंच ना गं?"

मनीषा पट्टा गुंडाळत राहिली. मग म्हणाली, "गोळ्या रोज घ्यायच्या. कडू लागतात म्हणून टाकायच्या नाहीत."

"गोळ्या घेते गं. तू हितंच ना?"

मनीषाने पिशवीची चेन लावली. साडूंच्या हातातली ट्यूब बादलीत तशीच बुडून राहिली होती. बुडबुडे कधीचे दिसत होते, साडू बघतच नव्हते. मी म्हटलं, "घावलं की भोक." ते म्हणाले, "हां, घावलं."

परत येताना त्यांनी टेंपो कर्जतात बँकेशी थांबवायला सांगितला. हात ग्रीसने काळे, पायजमा ओला. मॅनेजर बाईंना वाटलं आणखी एखादं लॅमिनेशन आलं. साडू खुर्चीवर बसले नाहीत. उभ्यानेच, मी त्यांच्या तोंडून कधी न ऐकलेल्या आवाजात म्हणाले, "मॅडम, मुदत द्या."

"किती वर्षं करायची, काका?"

मुदत कधी मागितलेली नसल्यामुळे ती किती मागायची असते हे त्यांना माहीत नव्हतं. ते माझ्याकडे वळले. माझ्या हिशेबाचा त्या घराला प्रथमच काही उपयोग झाला. मी आकडे मांडून दाखवले. दहा वर्षं केली तर हप्ता पेलेल, नोकरी टिकेल, पण एकूण व्याज लाखाच्या वर जास्त जाईल. साडूंनी ऐकून घेतलं आणि बाईंकडे पाहून म्हणाले, "तेवढं लाखभर माफ हुतंय का बगा ना."

बाई या वेळी ओठ दाबू शकल्या नाहीत. टेबलावर डोकं ठेवून हसल्या. अर्ज मात्र मंजुरीला घेतला, फक्त मनीषाची सही बाकी ठेवली.

घरी मनीषाला सांगितलं, तेव्हा ती बापावर उखडली. "बाबा, तू मुदत मागायला गेलास? तू?" "मग काय तुझ्या काकाला पाठवू?" साडू माझ्याकडे बोट दाखवत म्हणाले. "त्यो आकडे सांगत बसला आसता." ती तरातरा आत गेली. एजंटाला तिने स्वतः फोन करून नकार कळवला आणि बँकेच्या अर्जावर सही केली. आणि भातकापणीच्या दिवसांत त्या बाईला मुलगी झाली, तेव्हा मनीषा तिथेच होती.

त्यानंतर महिन्याभराने दुकानावर एक पाटी लागली. पिवळ्या पत्र्यावर लाल अक्षरं : 'सिस्टरना हवा-पंक्चर माफ.' मी म्हटलं, "साडूभाऊ, पेंटर चुकला. मोफत हवं."

"पेंटर नाय चुकला. मी सांगितलं."

"अहो, माफ म्हणजे त्यांचं काही देणं होतं असं होतं."

"हाय ना. काम झालं, पैसं झालं. ते सोडलं मी. मोफत म्हंजे फुकट. फुकट घ्यायला शिस्टर काय भिकारी हायत?" मी वाद सोडला. खालापूर तालुक्यातल्या दवाखान्यांतून येणाऱ्या-जाणाऱ्या नर्स त्या दुकानाशी थांबायला लागल्या. एक वयस्क सिस्टर पाटी वाचून रागावल्या, "माफ? आम्ही काय गुन्हा केलाय हो?" त्यांना साडूंनी आधी खुर्ची दिली, मग चहा दिला, मग पाटीचा अर्थ सांगितला. त्या आता शेजारणींच्या गाड्याही सिस्टरच्या म्हणून आणतात. साडूंना कळतं. ते माफ करतात. नर्सची कर्जं माफ करणारं या दोन तालुक्यांतलं एकमेव कार्यालय चौकच्या रस्त्यावर पत्र्याच्या शेडमध्ये आहे, असं मी बँकेच्या बाईंना सांगितलं, तेव्हा त्यांनी स्वतःच्या स्कूटरसाठी पत्ता विचारून घेतला.

परवा रविवारी मी तिथे बसलो होतो. साडू आता लवकर दमतात. चाक खोलताना मधे एकदा स्टुलावर टेकतात. मनीषा आठवडाभराने खोलीवरून घरी निघाली होती, दुकानाशी थांबली. साडूंनी न सांगता दोन्ही चाकांतली हवा तपासली, मागचं पंक्चर काढलं, वॉल्व्हवर थुंकी लावून बोट धरलं, टोपण घट्ट बसवलं. मनीषाने पर्स उघडली.

"किती झाले, बाबा?"

साडूंनी पाटीकडे हात केला. "वाचता येतं ना? माफ."

ती हसली. पर्स बंद केली आणि स्कूटरवर बसत म्हणाली, "माफ नको. मुदत दे."

साडू जॅक उचलायला वाकले होते. वर न बघता म्हणाले, "घे गं. हवी तेवढी घे."