मेंढीच्या पोटातलं माझं नाव

त्या गुरुवारी सकाळी हे चहा घेऊन सूक्ष्मदर्शकाशी बसले आणि उठले नाहीत. दुपारी त्यांना नेलं.

नंतर भेटायला येणारे विचारत, सरांचं संशोधन नेमकं कशावर होतं? मी सांगत असे, मेंढ्या-शेळ्यांच्या आतड्यातल्या पट्टकृमींवर, म्हणजे जंतांवर, आणि त्यातही त्यांच्या प्रजननावर. यावर माणसं चहाचा कप खाली ठेवत. हे असते तर त्यांनी तो कप पुन्हा हातात दिला असता आणि पुढचं सांगितलं असतं. या प्राण्याला तोंड नाही, पोट नाही, सगळं अंग उसासारखं पेरापेरांचं, आणि पिकल्या पेरात नर-मादी दोघांचेही अवयव. "संसार कसा करावा ते यांच्याकडून शिकावं," हे वाक्य ते पाहुण्यांना शेवयांची खीर वाढून झाल्यावरच म्हणत. आमच्याकडे खीर नेहमी उरायची.

आमचं घर चातुर्मासात कांदा-लसूणही न खाणारं. हे मात्र नोकरीभर सकाळी कत्तलखान्यात जात. तिथला कसाई त्यांच्यासाठी आतडी बाजूला काढून ठेवी. एकदा तो मला बाजारात भेटला आणि म्हणाला, "भाभी, साब बरसों से आंतां लेके जाते, गोश्त एक दिन नक्को बोलते." त्याच्या आवाजात काळजी होती. मी घरी आतडीच शिजवते असा त्याचा समज असावा.

या शास्त्रात एक रीत आहे. नवी जात सापडली की शोधणाऱ्यानं तिला नाव द्यायचं. कुणी गावाचं देतं, कुणी गुरूंचं. ह्यांच्या विभागात एकानं तर वडिलांचं नाव जंताला दिलं होतं, आणि त्या वडिलांनी पेढे वाटले होते. आमच्या लग्नानंतरच्या वर्षी हर्सूलकडच्या कळपातल्या एका मेंढीत ह्यांना नवी जात सापडली. संध्याकाळी घरी आले ते गजरा आणल्यासारखा चेहरा करून. म्हणाले, तिला तुझं नाव दिलं, पुढं लॅटिन शेपूट लावून.

"शेळीच्या पोटातल्या जंताला?"

"शेळीच्या नाही. मेंढीच्या."

सासूबाईंनी, सोन्याचं काही आहे का, एवढंच विचारलं. नणंद पोरांना जंताचं औषध पाजलं की मुद्दाम फोन करायची, "वहिनी, आज तुमचा बंदोबस्त केला हं." मी सगळ्यांसमोर कुरकुर करत राहिले. पण मी कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरीला होते आणि ते नाव ज्यात छापून आलं तो नियतकालिकाचा अंक तिथल्या कपाटात होता. वाचनालयात कुणी नसलं की अधूनमधून काढून बघत असे.

निवृत्तीनंतर पुंडलिकनगरच्या घरात, मागच्या खोलीत, हे जंतांचे नमुने लावलेल्या जुन्या काचा पुन्हा तपासायला बसले. मग काही दिवस जेवताना गप्प. पाहुणे आले तरी गप्प. शेवटी सांगितलं की चूक झाली होती. जात ओळखायची ती पिकल्या पेरातल्या प्रजननाच्या अवयवांवरून, आणि ह्यांनी तेव्हा पाहिलेली पेरं कोवळी होती. ती नवी जात नव्हतीच. फार पूर्वी कुणीतरी नोंदवलेल्या जातीचंच ते अर्धवट वयाचं पोर होतं. नियमानं अशा वेळी जुनं नाव राहतं, नंतरचं बाद होतं.

मी मेथी निवडत होते.

"इतक्या वर्षांत कुणाच्या लक्षात आलं नाही," ते म्हणाले. "येणारही नाही. मेंढीच्या जंतात परत कोण डोकं घालतंय?"

जन्मभर विद्यार्थ्यांना एकेका काचेवरून रडवलेला माणूस माझ्याकडे गप्प राहायची परवानगी मागत होता. आणि मला ती द्यावीशी वाटली. ते नाव जाऊ नये असं आपल्याला वाटतं, हे मला मेथीच्या त्या जुडीशी बसून पहिल्यांदा कळलं.

"तुमच्या लक्षात आलंय ना," मी म्हणाले. "मग काढा."

"तुला वाईट वाटेल."

"वाटेल. तेवढा एकच दागिना केला होतात."

ते हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी लिहायला बसले. लेख लहानसाच होता, पण तो लिहायला त्यांना फार वेळ लागला. छापून आला तेव्हा अंक माझ्या हातात देऊन ते गच्चीवर निघून गेले, सुकलेले कपडे आणायला, जे मी आधीच आणले होते. त्यानंतर त्यांनी काही छापायला दिलं नाही.

बाद झालेलं नाव पुसत नाहीत, हे मला तो लेख वाचून समजलं. खऱ्या नावाखाली ते बारीक अक्षरात ठेवतात, आणि ज्यानं ते दिलं त्याचं आडनावही पुढं लिहितात.

काचा विभागानं नेल्या. तो दुरुस्तीचा अंक माझ्याकडे आहे. त्यात बारीक अक्षरात माझं नाव आहे आणि त्याला लागून त्यांचं.