मैत्रीचे शंभरपैकी चौऱ्याण्णव

दीक्षाचा राग तळवड्याच्या त्या कंपनीत शिपायापासून मॅनेजरपर्यंत सगळ्यांना माहीत होता. वडील परभणीहून येऊन पिंपरीच्या कारखान्यात लागले आणि पोरीला डिप्लोमापर्यंत शिकवून त्यांनी ताठ मानेनं वागायला शिकवलं. फायनल इन्स्पेक्शनला तिला बारा वर्षं झाली होती, आणि तिच्या टेबलावरून खोटा कागद पुढं सरकला असं कधी झालं नाही. मशीनवरच्या ऑपरेटरनं दर तासाला पार्टचं माप घेऊन आकडा लिहायचा असतो. काही शहाणे चहाच्या वेळी आठही तासांचे आकडे एकदम ठोकून देतात. जुना ऑपरेटर हिंदुराव त्यातलाच. "न मोजता लिहिलंय, हिंदुराव. एका दमात, एकाच पेनानं. मला येडी समजता का?" असं म्हणत तिनं गेल्याच आठवड्यात त्याचा कागद सगळ्यांसमोर परत केला होता.

तर अशा बाईच्या मोबाइलवर मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत दवाखान्याचा मेसेज आला. मैत्रीचे जीवनगुणवत्तेचे गुण शंभरपैकी चौऱ्याण्णव. नव्या नियमानुसार ऐंशीच्या वर गुण असलेल्या मुलांची दर आठवड्याची थेरपी या महिन्यापासून बंद. अभिनंदन! खाली फुलांचा गुच्छसुद्धा चिकटवला होता.

मैत्री तिची मुलगी, दहा वर्षांची. दीड वर्षापूर्वी आकुर्डीत रस्ता ओलांडताना उलट्या बाजूनं आलेल्या मोटारसायकलनं तिला उडवलं. डोक्याला मार, अकरा दिवस आयसीयू. पोरगी जगली, चालू लागली, बोलू लागली, टाक्यांवर केस आले आणि लोकांचं काम संपलं. "आता एकदम ओके आहे की!" असं म्हणायला सगळे मोकळे. डोंबलाचं ओके! मिक्सर लावला की ती कान दाबून किंचाळते. शाळेतून येते ती दप्तरासकट फरशीवर आडवी होते. आधी पाढे घडाघडा म्हणायची, आता गृहपाठ कुठल्या वहीत लिहिला तेही आठवत नाही. मैत्रिणी खेळायला घेत नाहीत. सोमवारचा तो थेरपीचा एक तास काय तो तिला सावरून धरत होता, आणि कुणा दीडशहाण्यानं नेमका तोच काढून घेतला होता.

दीक्षानं हाफ डे टाकला, शाळेतून मैत्रीला घेतलं आणि रिक्षानं थेट दवाखाना गाठला.

"हा आकडा ज्यानं काढला त्याला बोलवा," ती काउंटरवरच कडाडली. "चौऱ्याण्णव? एक दिवस आमच्या घरी येऊन राहा म्हणावं त्याला!"

मैत्रीची थेरपिस्ट नेहा धावत आली आणि दोघींना आपल्या खोलीत घेऊन गेली. मैत्री कोपऱ्यात ठोकळे घेऊन बसली. नेहानं फाइल उघडून एक कागद पुढं ठेवला.

"ताई, हे गुण आमच्या मनाचे नाहीत. सहा महिन्यांपूर्वी हा फॉर्म तुम्हीच भरलाय."

तेवीस प्रश्न होते. गेल्या महिन्यात मुलीला थकवा येतो का, भीती वाटते का, इतर मुलं चिडवतात का. प्रत्येकापुढं पाच चौकोन, 'कधीच नाही'पासून 'जवळजवळ नेहमी'पर्यंत. 'कधीच नाही'खाली वरपासून खालपर्यंत खुणांची सरळ रांग होती. पाचसहा खुणा तेवढ्या शेजारच्या चौकोनात, खरं वाटावं म्हणून. असा कागद कसा भरला जातो, हे दीक्षाला कुणी सांगायची गरज नव्हती.

तिला तो दिवस आठवला. मुख्याध्यापिकाबाईंनी तेव्हाच 'स्पेशल शाळेचं बघा' असं सुचवलं होतं. हा फॉर्म शाळेत गेला तर? आणि कंपनीत ती रोज बघतच होती, ऑडिटच्या दिवशी प्रॉब्लेम कागदावर आला की लाइन थांबते आणि सगळं लिहिणाऱ्याच्याच गळ्यात पडतं. या सवयीसाठी दुसऱ्यांना फाडून खाणाऱ्या बाईनं पोटच्या पोरीच्या बाबतीत तेच केलं होतं.

"चुकले मी," ती म्हणाली, पण आवाज काही खाली आला नाही. "पण तिला का नाही विचारलं? बोलता येतं तिला."

नेहा घुटमळली. "विचारलं होतं ना. मुलांचा फॉर्म वेगळा असतो. तिचे एक्केचाळीस आलेत."

"मग चौऱ्याण्णव कुठून आणले?"

"मुलांना नीट आठवत नाही, म्हणून इथं पालकांचेच धरतात."

आता मात्र दीक्षाचा तोल सुटला. "म्हणजे जिचं डोकं फुटलं तिनं खरं लिहिलं, मी धडधाकट असून खोटं लिहिलं, आणि तुम्ही माझं धरलं? एकाच फाइलमध्ये दोन कागदांत एवढा फरक, आणि एकालाही विचारावंसं वाटलं नाही? आमच्याकडं असे दोन आकडे आले तर माल जागचा हलत नाही!"

नेहाची मान खाली गेली. "खरंय, ताई. बघायला हवं होतं मी. दोघी नवीन फॉर्म भरा. दोन्ही कागद घेऊन मी आजच डॉक्टरांकडे जाते. तोवर तिचा सोमवार कुणालाही देत नाही."

दीक्षानं मैत्रीला शेजारी बसवलं. "हां, आता खरं खरं सांगायचं. थकवा येतो?"

मैत्रीनं कागदाकडं पाहिलंच नाही. ती आईच्या चेहऱ्याकडं बघत होती. "कधीच नाही."

"अगं, रोज येतो ना! बरं, भीती वाटते?"

"कधीच नाही."

"मैत्री!" आवाज चढला तसे पोरीचे हात कानांवर गेले. मग एकेक शब्द शोधत ती म्हणाली, "आई, तू बाहेर बस ना. मागच्या वेळी तू बाहेर होतीस. म्हणून मी खरं लिहिलं."

दीक्षा उठली. बाहेरच्या बाकावर तिनं आपला फॉर्म मांडीवर घेतला आणि तेवीस प्रश्नांना पाऊण तास लावला. भीतीच्या प्रश्नापुढं तिनं 'जवळजवळ नेहमी'वर खूण केली. कुणाची भीती, ते फॉर्ममध्ये विचारलेलं नव्हतं. तिनं शेजारच्या कोऱ्या जागेत लिहिलं, 'माझी.'