शनिवारचा फळा

महिन्यापूर्वी एका बुधवारी बाबा गेले. ते शाळेत चित्रकला शिकवायचे. दर सोमवारी शाळेच्या दारातल्या फळ्यावर रंगीत खडूंनी चित्र काढायचे आणि शनिवारी स्वतःच पुसायचे. शेवटचा बगळा मात्र महिनाभर राहिला. पुसायला कुणी धजावलं नाही. काल त्यांचं सामान आणायला गेलो, तेव्हा शाळेतल्या शिपाई शांताबाईंनी माझ्या हातात ओलं फडकं दिलं.

"सर असते तर ओरडले असते, शिळं चित्र कशाला ठेवलंय म्हणून!"

बगळा पुसला की बाबांचं काहीच उरणार नाही, अशी भीती होती. तरी पुसला. फळा वाळेपर्यंत उभा राहिलो. बाबा दर आठवड्याला या रिकाम्या फळ्याचीच वाट पाहत असावेत, असं वाटलं आणि हायसं झालं. मी एक चिमणी काढली.

"बटाट्याला चोच फुटली की!" शांताबाई म्हणाल्या. महिन्यानंतर मी हसलो.

खडूंची पेटी आता माझ्याकडे आहे. शनिवारी चिमणी पुसायची आहे.