इकडेतिकडे किती?

विद्यार्थ्याने कॅल्क्युलेटर काढला की मॅडम त्यावर आपला हात पालथा ठेवायच्या. "आधी अंदाज बोल." भीत भीत आकडा सांगितला की पुढचा प्रश्न ठरलेला, "अन् इकडेतिकडे किती?"

नागपुरात एम.ए. अर्थशास्त्राला त्या आम्हाला संख्यात्मक पद्धती शिकवत. अर्थशास्त्र मी गणित टाळण्यासाठीच घेतलं होतं. गरिबी, महागाई, नियोजन यांवर तावातावाने बोलायचं आणि पदवी घेऊन नरखेडला परतायचं, असा माझा सरळ बेत. पहिल्या दिवशी फळ्यावर सिग्मा पाहिला आणि वर्ग चुकला की काय म्हणून मी दारावरची पाटी वाचून आलो. त्यामुळेच बहुधा त्यांनी मला हेरलं.

"नरखेडून एसटीले किती वेळ लागते गा?"

"दोन तास, मॅडम."

"इकडेतिकडे?"

"अर्धा तास. काटोलले ड्रायव्हर चहा प्याले उतरला तं."

"म्हणजे दीड ते अडीच. यालेच कॉन्फिडन्स इंटर्व्हल म्हणते. नुसता आकडा सांगणारा एक तं ज्योतिषी राहते, नाही तं पुढारी."

असं माणूस तुमच्याही कॉलेजात असेल, पण तुमच्याकडचं माणूस जेवायलाही घालत होतं का? यजमान गेलेले, मुलगा बंगळूरला. रविवारी त्या आम्हा चारदोन कच्च्या पोरांना घरी बोलवायच्या. गणितं व्हायची, मग गोळाभात, म्हणजे भातात वाफवलेले डाळीचे गोळे. वाढण्याआधी विचारायच्या, "किती गोळे खाशील? अंदाज बोल."

"चार."

"इकडेतिकडे?"

"मॅडम, इकडे नाही. फक्त तिकडे."

त्या इतक्या हसल्या की फोडणीचं तेल ताटाबाहेर सांडलं. त्या विषयातलं माझं तेवढं एकच उत्तर त्यांना आवडलेलं आठवतं.

प्रकल्पासाठी मी गावातल्या मोसंबीच्या बागा पाहिल्या. ठिबक बसवल्यावर झाडामागे फळ किती वाढतं? उत्तर आलं दोन किलो, इकडेतिकडे तीन. मी अहवालात ठोकून दिलं की ठिबकाने उत्पादन निश्चित वाढते.

"दोनातून तीन गेले तं कुठं पोचते?" मॅडमनी विचारलं.

"शून्याच्याही खाली."

"म्हणजे शून्य आत बसलं आहे. मंग हे 'निश्चित' कुठून आणलं?"

"आमच्या बागेत वाढलं ना, मॅडम! बाबानं सोता मोजलं."

"बाबाले माझा नमस्कार सांग. पण शून्य आत असलं तं वाढते म्हणाचं नाही, वाढत नाही असंही म्हणाचं नाही. गप बसाचं."

गप बसणं माझ्या स्वभावात नाही, म्हणून मी मास्तर झालो. खरं तर त्यांनीच केलं. त्याच कॉलेजात, तोच विषय, त्यांच्या हाताखाली. वर्गात अडलो की "एका विद्यार्थ्याची शंका आहे" म्हणत त्यांच्याकडे धावायचो. त्या समजावून द्यायच्या आणि म्हणायच्या, "त्या विद्यार्थ्याले सांग, मॅडमले चहा पाज." मी निमूटपणे चहा आणायचो.

निवृत्तीनंतर त्यांच्या गुडघ्यांनी दगा दिला. घर विकून मुलाकडे जायचं ठरलं. आता आपल्याला विचारायला कोणी नाही आणि रविवारी जेवायलाही नाही, या विचाराने मला रडू येत होतं. स्टेशनवर सामान चढवलं. गाडी सुटायला आली तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांचाच प्रश्न त्यांना विचारला, "मॅडम, आता तुम्ही अंदाज बोला. नागपूरले वर्षातून किती चकरा?"

"एक."

"अन् इकडेतिकडे?"

त्यांनी माझ्या हातावर आपला हात पालथा ठेवला. "एक," म्हणाल्या.

मी खूश. घरी येऊन बायकोला सांगितलं, "दोनदासुद्धा येतील म्हणाल्या!"

दुसऱ्या दिवशी वर्गात नेमका तोच धडा होता. काल स्टेशनवर झालेलंच उदाहरण घेतलं. फळ्यावर रेघ ओढली, मधे एक लिहिला, उजव्या टोकाला दोन. डाव्या टोकाशी खडू थांबला. इतकी वर्षं हे शिकवणारा मी; मला ते कळायला एक अख्खी रात्र गेली.

व्हरांड्यात जाऊन फोन लावला. "मॅडम, शून्य आत आहे."

त्या म्हणाल्या, "तुले काहून सारं उशिरा समजते गा?"

"पण दोनही आत आहे ना?"

"आहे ना. मंग गप बसाचं."

त्यानंतर संत्र्याचा आंबिया बहार येऊन गेला, मृगही गेला; वर्षाचे दोन्ही बहार संपले. बायको अधूनमधून विचारते, "येणार आहेत का हो तुमच्या मॅडम?"

मी गप बसतो.