खालचा टाइम

मला विहीर आवडत नाही. कुणाच्या शेतात गेले आणि त्यांनी हौसेनं "या बाई, आमची विहीर पाहा" म्हटलं, की मी लांबूनच मान हलवते. लोक म्हणतात, मास्तरीण भित्री आहे. असू द्या भित्री.

माझा बाप विहिरी खणायचा. आमच्या नांदगाव खंडेश्वरकडे काळी माती वरवर असते, खाली लागतो पाषाण. तो पहारीला दाद देत नाही, सुरुंगानंच फुटतो. दगडात भोकं पाडायची, दारू ठासायची, वाती पेटवायच्या आणि तळातून ओरडायचं, "ओढा!" मग वरची माणसं दोर ओढून त्याला बाहेर काढत. त्याचं अर्धं आयुष्य असं दुसऱ्यांच्या विहिरींत गेलं. पाणी लागलं की त्याच विहिरीवर त्याला ओंजळ पुढं करून उभं राहावं लागे. वरून कुणी ओतलं तर प्यायचं, नाही तर तसंच घरी यायचं. छप्पनला आमच्या वस्तीनं बुद्धाचा धर्म घेतला आणि बापानं ठरवून टाकलं, आता खणीन तर आपली विहीर.

ती आमच्या जमिनीच्या तुकड्यात दर उन्हाळ्यात थोडी थोडी खोल जाई. ओढायला वस्तीतलीच माणसं. सुरुंगाच्या दिवशी माय चूल पेटवत नसे. बाप वर आला की मगच विस्तव. मला लहानपणी वाटायचं, सगळ्यांच्याच घरी तसं असतं.

मी अमरावतीला कॉलेजात होते, सायन्सला. आमच्या प्राध्यापकांनी एक नवलच सांगितलं होतं: पृथ्वीच्या जितकं जवळ जावं, तितका काळ हळू चालतो. उंचावरचं घड्याळ पुढं जातं, खालचं मागं राहतं. परदेशात एका उंच इमारतीत ते तपासूनही झालं होतं. सुट्टीत घरी आले आणि जेवताना मी ते सांगितलं. शहाणपणा मिरवायची खाज, दुसरं काय!

बाप खूश झाला. "मंग तर मी विहिरीतच राह्यतो. तुई माय बुढी होईन अन् मी तसाच जवान!"

"तोंडाले काई हाड हाय का नाई तुमच्या?" माय एकदम भडकली. मग माझ्याकडे वळली. "खरंच काय व? खालती टाइम हळू चालते?"

"खरं हाय माय. पन..."

पण तिनं तेवढंच ऐकलं. ताटं उचलून ती आत गेली होती. घरात काहीतरी यायला नको ते आलंय, असं मला तेव्हाच वाटलं.

त्या साली विहिरीचं लक्षण काही ठीक नव्हतं. कपारीतले पारवे उडून गेले ते परत आलेच नाहीत. उन्हानं अंग भाजत असताना विहिरीच्या तोंडाशी मात्र गार, जळक्या वासाचा वारा लागे. खाली दगड ओला झाला होता, म्हणजे पाणी जवळ होतं. आणि मृगही जवळ आला होता.

त्या दिवशी दुपारी बापानं चार वाती पेटवल्या आणि वर आला. आम्ही सगळे मलब्याच्या ढिगाआड लपलो. एक बार झाला. दुसरा झाला. मग एक लांबलचक आवाज आला आणि सगळं गप्प.

"झाले चारी," काका म्हणाला. काका म्हणजे बापाचा धाकटा भाऊ. "शेवटचे दोन संगंच वाजले."

"तीनच वाजले," बाप म्हणाला.

विहीर खणणाऱ्यांत नियम असतो. बार मोजताना शंका आली, तर त्या दिवशी विहिरीत कोणी उतरायचं नाही. बापानंच तो कित्येकांना शिकवला होता. पण दुसऱ्या दिवसापासून ओढणारी माणसं लोकांच्या शेतावर जाणार होती, पेरण्या तोंडावर होत्या. एकदा का पाऊस लागला की फुटलेला दगड तळातच राहणार, विहीर गाळानं भरणार, आणखी एक वर्ष दुसऱ्याच्या विहिरीवर ओंजळ. सगळे वाट पाहत बसले. धूर विरला. उन्हं कलली. बाप काठाशी जाऊन खाली बघत राहिला.

"झाले असन चारी," तो म्हणाला. असं बोलायची त्याची रीत नव्हती. तो स्वतःचीच समजूत घालत होता, हे मला कळत होतं. त्यानं दोराच्या फासात पाय घातला.

माय कुठून आली देव जाणे. तिनं दोर धरला.

"थांबा."

"आता काय व?"

"खालती टाइम हळू चालते. आपल्याले वाटते लय वेळ झाला. खालच्या वातीले झाला नसन."

माणसं खो खो हसली. काका म्हणाला, "वैनी बी कॉलेजात गेली वाटते!" सगळे माझ्याकडे बघायला लागले. लाजेनं माझे कान तापले. मी म्हटलं, "माय, तसं नाई थे. मानूस आख्खा जनम विहिरीत राह्यला, तरी पापणी लवायच्या हजाराव्या हिश्श्याचाबी फरक पडत नाई."

यातला शब्द न् शब्द बरोबर होता.

"आयकलं?" बाप म्हणाला. "सोड दोर."

तिनं सोडला नाही. दोर मनगटाला गुंडाळला आणि फतकल मारून खाली बसली. "मले वढत न्या मंग."

बाप चवताळला. चार माणसांत बायकोनं अडवलं म्हणून त्यानं तिला नको नको ते बोलून घेतलं. शेवटी तिचा हात सोडवायला म्हणून फासातून पाय काढला, दोन पावलं तिच्याकडे आला.

आणि विहीर फुटली.

पायाखालची जमीन हादरली. दगड कप्पीपर्यंत उडाले. धूर गेला तेव्हा बाप मायच्या पुढ्यात मटकन बसलेला होता, आणि ती मनगटाचा दोर सोडत होती. कातडी सोलून निघाली होती. माझ्याकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही. उठली आणि चूल पेटवायला घरी गेली.

त्याच साली पाणी लागलं, गोड पाणी. बाप काठावर बसून स्वतःच्या हातानं तांब्या भरून प्याला. पुढं तो म्हणायचा, वात दमट होती म्हणून आत धुमसत राहिली, एवढंच. माय यावर कधी बोलली नाही. मीही नाही.

पुढं मला अकोल्याला शाळेत नोकरी लागली. बापाच्या छातीत दगडाची भुकटी बसली होती, तिनं त्याचा दम खाऊन टाकला. डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं. अकोल्याला माझ्याच खोलीत खाटेवर तो पडून होता. एका दुपारी श्वास लांब लांब पडायला लागला.

माय म्हणाली, "याले खाली घ्या. भुईवर."

काकाला ते खपलं नाही. "वैनी, मरनाऱ्याले भुईवर घ्याची रीत सोडली ना आपन? काहून पुन्हा थेच?"

"रीत-बीत नाई," ती म्हणाली. मग इतक्या वर्षांनी तिनं सरळ माझ्याकडे पाहिलं. "खालती टाइम हळू चालते ना व?"

वरच्या-खालच्या फरकाचा तो आकडा मला पाठ होता. दरसाल फळ्यावर लिहीत होते. मी बापाच्या डोक्याखाली हात घातला. काकाला म्हटलं, पायाकडून धर.

"हो माय," मी म्हटलं. "खरं हाय."